भूविज्ञान विभागातला सेमिनार: एक प्रश्न, एक नकाशा आणि पंधरा मिनिटं

सेमिनारची तारीख लागली की बहुतेक मुलं त्याच रात्री पॉवरपॉइंट उघडतात. शीर्षक, विद्यापीठाचं बोधचिन्ह, मग 'इंट्रोडक्शन', 'लोकेशन', 'जनरल जिऑलॉजी'. नवव्या स्लाइडवर पोचेपर्यंत बारा मिनिटं गेलेली असतात आणि स्वतः उन्हात फिरून जमवलेली माहिती शेवटच्या तीन मिनिटांत कोंबावी लागते. उलट दिशेनं सुरुवात करा. तुमचा प्रश्न ज्या एका चित्रावर सुटतो, मग तो नकाशा असो, जमिनीचा उभा छेद असो की आलेख, ते चित्र आधी काढा. बाकीच्या स्लाइड म्हणजे त्या चित्रापर्यंत जायची वाट, आणि वाट जितकी आखूड तितकी बरी.

हा लेख बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी, चिकोडी भागातून धारवाड, गोवा किंवा पुण्याला भूविज्ञान शिकायला गेलेल्या मुलांना समोर ठेवून लिहिला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, गावात मराठी-कन्नड दोन्ही आणि सेमिनार मात्र इंग्रजीत, अशी ही अवस्था. वेळ सगळीकडे साधारण सारखाच मिळतो: पंधरा मिनिटं बोलायला, पाच मिनिटं प्रश्नांना. फिल्डमधल्या मोजण्या सोडून तयारीला सहा आठवडे धरा.

पहिला आठवडा: प्रश्न

'हुक्केरी तालुक्याचं भूजल' हा विषय झाला, प्रश्न नाही झाला. 'हुक्केरी-गोकाक पट्ट्यात बेसाल्टमधल्या आणि कलादगी वालुकाश्मातल्या विहिरींचं पाणी पावसाळ्यात सारखंच चढतं का?' हा प्रश्न. ओळखायची खूण सोपी आहे: उत्तर 'हो' येऊ शकतं आणि 'नाही'ही येऊ शकतं. ज्याचं उत्तर आधीच ठरलेलं आहे, किंवा ज्याला उत्तरच नाही, ते सेमिनारला घेऊ नका.

घराजवळचा भाग निवडण्यात कमीपणा नाही, उलट सोय आहे. एका जिल्ह्यात इतकी विविधता फार ठिकाणी मिळत नाही. उत्तरेला आणि बेळगावच्या आसपास दख्खनचा बेसाल्ट, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. पश्चिमेला खानापूर-जांबोटीकडे जांभा. गोकाकला कलादगी क्वार्टझाइटचा, म्हणजे घट्ट झालेल्या वालुकाश्माचा, कडा, जिथून घटप्रभा सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. रामदुर्गजवळ तर कलादगीतल्या जुन्या, बागलकोट गटाचे जवळजवळ उभे झालेले थर आणि त्यांच्यावर आडवे पसरलेले नंतरच्या बदामी गटाचे थर एकाच ठिकाणी दिसतात; पाठ्यपुस्तकातली कोनीय विसंगती डोळ्यांनी पाहायला इतकी चांगली जागा दुसरी शोधावी लागेल. आणि बेळगाव-खानापूर रेल्वेमार्गावरचं देसूर? दख्खन बेसाल्टच्या वाई उपगटातल्या सर्वांत वरच्या फॉर्मेशनला, म्हणजे थरांच्या संचाला, याच गावाचं नाव आहे. त्याच्या खालची पन्हाळा फॉर्मेशन. दोन्ही नावं आपल्या ओळखीची, फक्त एक राज्याच्या सीमेच्या अल्याड आणि एक पल्याड.

दुसरा आठवडा: जुनं वाचन आणि नकाशे

इथं नावांचा घोळ आधी निस्तरा. जिल्ह्याचं अधिकृत नाव २०१४ पासून बेळगावी आहे. त्याआधीचं बहुतेक सगळं इंग्रजी लेखन 'बेलगाम' या स्पेलिंगखाली सापडतं. दोन्ही स्पेलिंगनं शोधा. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८७६ साली या भागाच्या भूविज्ञानाचं मोठं वर्णन छापलं, त्यात 'मराठा'चं स्पेलिंग जुन्या पद्धतीनं, एच आणि दोन टी घालून केलेलं आहे. आजच्या स्पेलिंगनं शोधलं तर ते हाती लागत नाही. आणखी एक: खानापूर तालुका सांगली जिल्ह्यातही आहे. तिथलं पर्जन्यमान आपल्या खानापूरच्या नकाशावर टाकलं तर समोर बसलेला कुणीही ते पकडेल, कारण कणकुंबीच्या पावसाची आणि विट्याकडच्या पावसाची तुलनाच होत नाही.

टोपोशीट (सर्व्हे ऑफ इंडियाची स्थलदर्शक पत्रकं) मागवताना लक्षात ठेवा, १६ अंश अक्षांश आपल्या जिल्ह्यातून जातो. त्यामुळे बेळगाव शहर ४८ आय या पत्रकात, गोकाक आणि निपाणी ४७ एल मध्ये, तर रामदुर्ग ७५ अंश रेखांशाच्या पूर्वेला असल्यानं ४८ एम मध्ये. मधला भाग निवडला तर दोन-तीन पत्रकं जोडावी लागतात. अक्षांश-रेखांश मोजायला पृथ्वीचा जो आकार धरतात तो जुन्या पत्रकांत एव्हरेस्ट गोलाभाचा, मोबाईलच्या जीपीएसमध्ये डब्ल्यूजीएस-८४ चा. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही एकाच संदर्भप्रणालीत आणले नाहीत तर विहिरी शेजारच्या शिवारात जाऊन बसतात. आपला संपूर्ण भाग यूटीएम या मीटरमधल्या नकाशा-जाळ्याच्या ४३ उत्तर या झोनमध्ये येतो. प्रकल्पाची फाइल उघडल्या उघडल्या तोच निवडा.

सीमेचा त्रास इथं खरा जाणवतो. हिरण्यकेशी आंबोलीकडून येते, आजरा-गडहिंग्लज करत संकेश्वरला पोचते आणि पुढे घटप्रभेला मिळते. नदीला राज्य कळत नाही, पण माहिती देणाऱ्या खात्यांना कळतं. कर्नाटकाची आकडेवारी घेतली की नकाशाचा वरचा, म्हणजे पाणी जिथून येतं तोच भाग कोरा राहतो. विषय पाणलोटाचा असेल तर महाराष्ट्राच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडूनही माहिती मागवा, आणि मिळाली नाही तर तो भाग कोरा ठेवून तिथं 'माहिती नाही' असं लिहा. रंग भरून पोकळी झाकू नका.

तिसरा आठवडा: आकडे स्वच्छ करणं

या पायरीवर थोडं थांबू, कारण बहुतेक सेमिनार इथंच पडतात.

विहिरीतली पाण्याची पातळी मोजताना टेप सोडला जातो कठड्यावरून. समजा मे महिन्यात टेपवर ९.४ मीटर आले. कठड्याची उंची ०.८ मीटर. म्हणजे जमिनीपासून पाणी ८.६ मीटर खाली. नोव्हेंबरमध्ये टेपवर ३.१, म्हणजे जमिनीपासून २.३. चढ ६.३ मीटर. दोन्ही वेळा त्याच जागेवरून टेप सोडला असेल तर कठडा वजा केला काय नि न केला काय, चढ तोच येतो. पण मेमध्ये कठड्यावरून आणि नोव्हेंबरमध्ये मोटेच्या दगडी थारोळ्यावरून मोजलं असेल तर पाऊण-एक मीटरची चूक गुपचूप आत शिरते. म्हणून पहिल्या फेरीलाच ऑइलपेंटनं कठड्यावर एक ठिपका मारा, मालकाला विचारून. 'काका, इथं एक खूण करू का? दिवाळीनंतर परत येतो' एवढं म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही, आणि बोलता बोलता उपसा कधी चालू असतो तेही कळतं. मोटर नुकतीच बंद केलेली असेल तर ती मोजणी घेऊ नका. पाणी सावरायला वेळ द्या, सकाळी पंप सुरू व्हायच्या आत पोचणं उत्तम.

आता या ६.३ मीटरचं पाणी किती? केंद्रीय भूजल मंडळाच्या पद्धतीत झिजलेल्या, सांधे असलेल्या बेसाल्टची विशिष्ट जलदेयता, म्हणजे खडक आपल्या आकारमानाच्या किती टक्के पाणी सोडतो ते, २ टक्के धरतात, आणि पल्ला १ ते ३ टक्के देतात. २ टक्क्यांनी ६.३ मीटर म्हणजे १२६ मिलिमीटर पुनर्भरण, जमिनीत मुरलेलं पाणी. १ टक्का धरला तर ६३, ३ टक्के धरले तर १८९. सगळी मुलं स्लाइडवर फक्त १२६ लिहितात, कधीकधी १२६.०० सुद्धा. हाच तो आकडा ज्याच्यावर पहिला प्रश्न येतो. ६३ ते १८९ असा पल्ला लिहा आणि मधला आकडा ठळक करा. पल्ला दाखवल्यानं काम कच्चं दिसत नाही. कुठं कच्चं आहे ते तुम्हाला माहीत आहे एवढं दिसतं.

दुसरा सापळा उंचीचा. भूजलाच्या समपातळी रेषा (पाणी एकाच उंचीवर असलेली ठिकाणं जोडणाऱ्या) काढायला पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून हवी, म्हणजे विहिरीच्या तोंडाची उंची हवी. हातातल्या जीपीएसची उभी चूक सहज दहा मीटरच्या घरात जाते. पाण्याचा चढउतारच सहा मीटरचा आणि उंचीची चूक दहा मीटरची, मग त्या रेषा भूजल दाखवत नाहीत, जीपीएसची लहर दाखवतात. लेव्हलिंग, म्हणजे दुर्बिणीच्या यंत्रानं उंची मोजणं, करता येत नसेल तर समपातळी नकाशाचा नाद सोडा. फक्त चढ दाखवा, त्याला उंची लागत नाही.

चौथा आठवडा: चित्रं

नकाशावर पट्टी-प्रमाण लावा, '१:५०,०००' लिहू नका. कागदावर ते खरं असतं. प्रोजेक्टरवर तोच नकाशा दोन मीटर रुंद होतो आणि प्रमाण खोटं ठरतं. पट्टी मात्र नकाशाबरोबर मोठी होते. पातळ छेदाच्या (घासून पारदर्शक केलेल्या खडकाच्या चकतीच्या) सूक्ष्मदर्शी चित्रांनाही तोच नियम: '१०० पट' असं लिहू नका, अर्ध्या मिलिमीटरची पट्टी आखा. साध्या आणि क्रॉस्ड निकोलमधली (एका आणि दोन ध्रुवक-भिंगांतून पाहिलेली) दोन चित्रं शेजारी-शेजारी, एकाच जागेची. भाग वेगळा निघाला तर श्रोते तुमच्या खनिजाऐवजी तो फरकच शोधत बसतात.

उत्तरदिशा, अक्षांश-रेखांशाच्या खुणा, सूची. सूचीत फक्त नकाशात असलेलेच खडक. तयार जिल्हा नकाशाची सगळी सूची उचलून चिकटवली की समोरचे विचारतात, 'यात शिस्ट कुठे आहे?' आणि नसतं. बेसाल्ट आणि वालुकाश्म वेगळे दाखवायला लाल-हिरवा वापरू नका. वर्गात एखाद्याला ते दोन रंग सारखेच दिसतात. जांभळा आणि पिवळा चालतो.

छेदाचं गणित एकदा करून पाहा. वीस किलोमीटरचा छेद, चढउतार ३०० मीटर. स्लाइडवर वीस सेंटिमीटरात बसवला तर ३०० मीटर म्हणजे फक्त ३ मिलिमीटर, काहीच दिसणार नाही. म्हणून उभं प्रमाण दहापट करतात, तेव्हा तीन सेंटिमीटर मिळतात. पण मग डिपही, म्हणजे थरांचा झुकावकोनही, बदलतो. ५ अंशांचा डिप दहापटीत ४१ अंशांचा दिसतो आणि १ अंशाचा जवळजवळ १० अंशांचा. बेसाल्टचे साधे, सपाट प्रवाह डोंगरउतारासारखे झुकलेले दिसू लागतात, आणि मग कुणीतरी विचारतं, 'इथं टेक्टॉनिक्स काय आहे?' छेदाच्या कोपऱ्यात 'उभं प्रमाण दहापट' असं मोठ्या अक्षरात लिहा, आणि शेजारी खऱ्या प्रमाणातला तोच छेद एका बारीक पट्टीत द्या. रामदुर्गच्या विसंगतीसारख्या ठिकाणी तर उभं प्रमाण मुळीच वाढवू नका. तिथं कोन हाच पुरावा आहे.

फिल्डचे फोटो तीन, फार तर चार. फोटोत हातोडी ठेवली असेल तर तिची लांबी एकदा टेपनं मोजून खाली लिहा. हातोडी खडकाला टेकलेली हवी. कॅमेऱ्याच्या जवळ धरली तर खडकातले गोटे आहेत त्याहून लहान भासतात. फोटो कुठल्या दिशेला तोंड करून काढला ते लिहा. मित्र उभा करायचा मोह होतो, गोकाकला तर झुलता पूलही मागे येतो, पण मग श्रोते खडक सोडून बाकी सगळं पाहतात. थराची सीमा फोटोवर पांढऱ्या तुटक रेषेनं दाखवा, आणि तोच फोटो रेषेशिवाय त्याच्या आधीच्या स्लाइडवर ठेवा. आधी बघू द्या, मग दाखवा.

पाचवा आठवडा: स्लाइड आणि भाषा

पंधरा मिनिटांना बारा स्लाइड पुरतात. ठिकाण आणि प्रश्न मिळून दोन, पद्धत एक, भूविज्ञान दोन, तुमची माहिती चार, अर्थ दोन, निष्कर्ष एक. आभाराची स्लाइड काढून टाका. निष्कर्षाची स्लाइडच पडद्यावर राहू द्या, म्हणजे प्रश्न त्याच्यावर येतील. अक्षरं २४ पॉइंटच्या खाली नकोत, आलेखाच्या अक्षांवरची १८ च्या खाली नकोत. एक्सेलमधून उचललेल्या आलेखाची अक्षरं नेहमी बारीक येतात, ती एक्सेलमध्येच मोठी करा. सामान्य भूविज्ञानाचा तक्ता, आर्कियन या अतिप्राचीन काळापासून आजपर्यंतचा, लावायचा मोह टाळा. तो समोर बसलेल्यांनीच तुम्हाला शिकवला आहे.

इंग्रजीचं काय? पाठ करू नका. पाठ केलेलं एका शब्दाला अडलं की पुढचं सगळं गळून पडतं. त्यापेक्षा आधी प्रत्येक स्लाइड घरी मराठीत समजावून सांगा, भूविज्ञान न शिकलेल्या कुणाला तरी. 'मुरमात पाणी धरतं, खालच्या घट्ट पाषाणात धरत नाही, म्हणून मेमध्ये विहीर तळाला जाते' हे वाक्य मराठीत नीट आलं की इंग्रजीत चार छोटी वाक्यं होतात. मराठीतच अडखळलात तर अडचण इंग्रजीची नाही, विषय अजून पुरता कळलेला नाही. प्रत्येक स्लाइडचं फक्त पहिलं वाक्य इंग्रजीत लिहून ठेवा आणि तेवढंच घोका. बोलताना मिनिटाला ११०-१२० शब्दांच्या पुढं जाऊ नका; घाबरलेला माणूस दीडशेच्या वर जातो आणि त्याला ते कळत नाही.

शब्द एकच ठेवा. एका स्लाइडवर सँडस्टोन, दुसरीवर अरेनाइट, तिसरीवर क्वार्टझाइट असं केलं तर श्रोत्यांना तीन खडक वाटतात. कलादगीच्या बाबतीत हा घोळ जुन्या लेखांपासूनच चालत आला आहे, म्हणून पहिल्यांदा नाव घेताना तुम्ही कुठला शब्द का वापरता ते एका वाक्यात सांगा.

सहावा आठवडा: तालीम

तीन तालमी. पहिली एकट्यानं, मोबाईलवर आवाज ध्वनिमुद्रित करून. दुसरी दोन वर्गमित्रांसमोर, त्यातला एक वेगळ्या विषयाचा. तिसरी प्रत्यक्ष सभागृहात, तिथल्या प्रोजेक्टरवर. तिथंच कळतं की फिकट पिवळ्या रंगात दाखवलेला बदामी गटाचा वालुकाश्म पडद्यावर पांढरा दिसतो. तालमीत १४ मिनिटांच्या वर गेलात तर प्रत्यक्षात १७ होतील. एक स्लाइड काढा. जी काढायला सर्वांत जास्त जिवावर येतं ती बहुधा भूविज्ञानाचीच असते, आणि बहुधा तीच काढायची असते.

फाइल पीडीएफ करून घ्या. नकाशावर कन्नड किंवा देवनागरी गावनावं असतील तर दुसऱ्याच्या संगणकावर चौकोन उमटतात. पीडीएफमध्ये फॉन्ट आतच राहतो. पेनड्राइव्ह एक, स्वतःच्या मेलवर प्रत एक. मुख्य नकाशाची ए-थ्री छपाई बरोबर असू द्या. पावसाळ्यात वीज गेली तर तो कागद फळ्याला चिकटवून सेमिनार पुढे चालू ठेवता येतो, आणि खरं सांगायचं तर असे सेमिनार अनेकदा जास्त चांगले होतात.

प्रश्न

प्रश्न पूर्ण ऐका, मग तो एका वाक्यात परत सांगा. मागच्या बाकावर तो ऐकू गेलेला नसतो आणि तुम्हाला दहा सेकंद मिळतात. प्रश्न कन्नडमध्ये आला आणि तुम्हाला कळला, तरी परत सांगताना इंग्रजीत सांगा. आकड्याचा प्रश्न आला की आकड्याच्या स्लाइडवर जा. म्हणून निष्कर्षानंतर तीन-चार राखीव स्लाइड ठेवा: विहिरींचा पूर्ण तक्ता, जलदेयतेचा हिशेब, पावसाची आकडेवारी. स्लाइडचा क्रमांक आकड्यांच्या कळांवर दाबून एंटर मारला की पॉवरपॉइंट थेट तिथं जातं. पन्नास वेळा बाण दाबत जाऊ नका.

बहुतेक प्रश्न तीन जागांवरून येतात. विहिरी किती आणि कुठल्या खडकात किती? बेसाल्टच्या अठरा आणि वालुकाश्माच्या चारच असतील तर ते तुम्हीच आधी सांगा. मोजणी कधी घेतली, उपसा चालू होता का? आणि जलदेयतेचा आकडा कुठून आला? या तिन्हींची उत्तरं वरच्या पायऱ्यांत तयार झालेली आहेत. ज्याचं उत्तर येत नाही तिथं 'मी ते मोजलेलं नाही' म्हणा आणि मोजायचं झालं तर कसं मोजाल ते एका वाक्यात सांगा. अंदाजानं ठोकलेलं उत्तर पुढचे तीन प्रश्न ओढून आणतं.

उभ्या असलेल्या माणसाला प्रश्न आठवत नाहीत. पहिल्या रांगेत बसलेल्या एका मित्राला वही द्या, विचारणाऱ्याचं नाव आणि प्रश्न जसाच्या तसा लिहायला सांगा, कन्नड असेल तर कन्नडमध्येच. त्याच संध्याकाळी प्रत्येक प्रश्नापुढे तो कुठल्या स्लाइडवरून आला तिचा क्रमांक टाका. एकाच क्रमांकावर तीन प्रश्न जमले असतील तर प्रबंधातलं ते प्रकरण परत लिहायचं आहे.